धोट्याचा ठेका आणि वीजघराचे गाणे

सोलापूर शहरातून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले, की वस्ती हळूहळू मागे पडते आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांची शेड दिसू लागतात. चादर आणि टॉवेल ह्यांच्यामुळे सोलापूरचे नाव देशभर झाले. त्यांतले पुष्कळसे कापड ह्या भागात विणले जाते. एस.टी.ची खिडकी उघडी असली तर मागांचा आवाज आत येतो. आपण कपाळाला आठी घालतो आणि म्हणतो, 'काय हा गोंगाट!'

पण एकदा धोट्याच्या मागाजवळ पाच मिनिटे उभे राहून पाहा. पहिल्या मिनिटाला तो नुसता गोंगाट असतो. तिसऱ्या मिनिटाला कान निवडू लागतो: हा धोटा गेला, ही फणी आपटली, हा धोटा परत आला. पाचव्या मिनिटाला पाय आपोआप हलू लागतो. गोंगाटातून ठेका निघाला! ज्यांचा सगळा जन्म मागाशेजारी गेला, त्यांना हे सांगावे लागत नाही. माग चालू असताना त्यांना झोप लागते आणि माग थांबला की जाग येते.

आज मला तुम्हाला एका परदेशी वाद्यवृंदाविषयी सांगायचे आहे. ह्या मंडळींनी यंत्राचा ठेका पकडला आणि त्याचेच संगीत केले. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका एकामागून एक लावून आपण ऐकत जाऊ. तुम्ही म्हणाल, सोलापूरच्या माणसाला जर्मनीतल्या वाद्यवृंदाचे काय? प्रश्न रास्त आहे. कारण सांगतो.

शाळेत नाव घालताना गुरुजी विचारतात, 'वडील काय करतात रे?' यंत्रमाग कामगाराचे पोर उत्तर देते, 'काही नाही, मशीन चालवतात.' हे 'काही नाही' मला फार खटकते. यंत्र सगळे करते, माणूस नुसता बटण दाबतो, असे त्या पोराला वाटत असते. यंत्रावर केलेल्या संगीताबद्दलही लोक नेमके हेच म्हणतात. म्हणून हा विषय.

आधी एक गैरसमज दूर करू. विजेवर चालणाऱ्या वाद्याचे संगीत ही शहरातली, कालपरवाची गोष्ट आहे असे आपल्याला वाटते. तसे नाही बरं का! १९५४ साली 'नागिन' हा हिंदी चित्रपट आला. त्यातल्या पुंगीच्या सुराने साऱ्या देशाला वेड लावले. लग्नाच्या वरातीत बँडवाले आजही ती धून वाजवतात आणि कोणीतरी रुमाल दातात धरून नागासारखा डोलतो. संगीतकार होते हेमंतकुमार. पण तो सूर गारुड्याच्या पुंगीचा नव्हताच. तो निघाला होता क्लॅव्हिओलीन नावाच्या, विजेवर चालणाऱ्या छोट्या पेटीतून. ती वाजवली कल्याणजी वीरजी शहा ह्यांनी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून प्रसिद्ध झालेल्या जोडीतल्या कल्याणजींनी. तेव्हा विजेच्या वाद्यावर आपला महाराष्ट्र सत्तर वर्षे नाचतो आहे. फक्त त्याला ते ठाऊक नाही.

आता जर्मनीकडे वळू. पश्चिम जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी डुसेलडॉर्फ नावाचे शहर आहे. जवळच रूर नदीचे खोरे. कोळशाच्या खाणी, पोलादाचे कारखाने आणि धुराडी ह्यांचा तो मुलूख. डुसेलडॉर्फच्या शेजारी क्रेफेल्ड नावाचे गाव आहे. आपले सोलापूर जसे चादरीसाठी, तसे ते पिढ्यान्‌पिढ्या रेशीम आणि मखमल ह्यांच्या विणकामासाठी प्रसिद्ध. ह्या क्रेफेल्डात १९४६ साली राल्फ ह्युटर ह्यांचा जन्म झाला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची फ्लोरियान श्नायडर ह्यांच्याशी गाठ पडली. ह्युटर ऑर्गन वाजवीत, श्नायडर बासरी वाजवीत. दोघांनी मिळून १९७० साली वाद्यवृंद काढला आणि त्याचे नाव ठेवले 'क्राफ्टवेर्क'.

ह्या जर्मन शब्दाचा अर्थ वीजघर. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीजवळ वीज केंद्राची उंच धुराडी दिसतात ना, त्याला जर्मन माणूस क्राफ्टवेर्क म्हणेल. वाद्यवृंदाला असले नाव! आपल्याकडे एखाद्या भजनी मंडळाने 'महावितरण' नाव घ्यावे तसे. पण त्या दोघांचा हेतू स्पष्ट होता. आपण ज्या मुलखात वाढलो तिथे जे आवाज ऐकू येतात, त्यांतूनच आपले संगीत निघाले पाहिजे, अमेरिकेतून आणलेले गाणे आपल्या तोंडात शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगितली पाहिजे. हे दोघे कारखान्यातले कामगार नव्हते. श्नायडर ह्यांचे वडील नामांकित वास्तुशिल्पी; कलोन-बॉन विमानतळाची इमारत त्यांच्या आराखड्यावर उभी राहिली. पुढे हे लोक स्वतःला 'संगीत-कामगार' म्हणवून घेत. पाळीवर उभे राहून पायाला गोळे आलेला आपला माणूस हे ऐकून हसेल, आणि त्याला हसण्याचा हक्क आहे. पण एवढे मात्र खरे, की डुसेलडॉर्फच्या रेल्वे स्टेशनाजवळ घेतलेल्या 'क्लिंग क्लांग' नावाच्या आपल्या स्टुडिओत ते रोज कामावर जावे तसे जात, आणि दारे बंद करून वर्षानुवर्षे खटपट करीत राहत.

त्यांचे संगीत ऐकण्यापूर्वी यंत्र ताल कसा धरते ते समजून घेऊ. सोलापूरकरांना हे समजावणे सोपे आहे, कारण जकार्ड तुमच्या परिचयाचे आहे. चादरीवर मोर, फुले, वेलबुट्टी येते ती कशी? आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढतात. मग त्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात. त्या पट्ट्यांची माळ मागाच्या डोक्यावर फिरते. जिथे भोक आहे तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो. जिथे नाही तिथला खालीच राहतो. माळ संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. फ्रान्समध्ये लियाँ शहरातल्या जोसेफ मारी जाकार ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही युक्ती पक्की केली. आता अनेक ठिकाणी पुठ्ठ्याची जागा संगणकाने घेतली आहे. तत्त्व तेच आहे.

ताल धरणारे विजेचे यंत्रही असेच चालते. समजा एका आवर्तनाचे सोळा भाग केले. आपल्या त्रितालाच्या सोळा मात्रा असतात तसेच समजा ना. यंत्रावर सोळा बटणे ओळीने आहेत. ज्या मात्रेवर ढोल हवा तिथले बटण दाबून ठेवायचे, जिथे नको तिथले सोडून द्यायचे. यंत्र पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत जाते आणि पुन्हा समेवर येते. भोक म्हणजे आवाज, कोरी जागा म्हणजे शांतता. रोलंड नावाच्या जपानी कंपनीने १९८० साली टीआर-८०८ नावाचे असे एक यंत्र काढले आणि ते जगभर गाजले. पण ध्यानात घ्या: कुठे दाबायचे आणि कुठे सोडायचे हे यंत्राला कळत नाही. जशी जकार्डाला मोराची ओळख नाही, तशीच ह्या यंत्राला सम ठाऊक नाही. ती माणसाला ठाऊक आहे.

आता तबकड्या लावू. क्राफ्टवेर्कची पहिली तबकडी आली १९७० साली. मुखपृष्ठावर रस्त्याच्या कामाजवळ ठेवतात तो नारिंगी शंकू. आत काय आहे? बासरी, ऑर्गन, खराखुरा ढोल वाजवणारी माणसे आणि ताणून-ताणून वेडावाकडा केलेला आवाज. सुबकपणा नाही. दुसरी तबकडी १९७२ ची. तोच शंकू, आता हिरवा. ह्या वेळी तालवादक सोबत नव्हता. तेव्हा त्यांनी एक साधी ठेक्याची पेटी वापरली. घरगुती ऑर्गनच्या साथीला अशा पेट्या मिळत. आपल्याकडे गायक तबलजी नसला की इलेक्ट्रॉनिक तबला लावतो, तसेच. १७ मिनिटांच्या 'क्लिंगक्लांग' ह्या रचनेत तो ठेका ऐकू येतो. बासरी अजून आहे; पण तिच्याखाली यंत्र पहिल्यांदा पाऊल टाकते आहे. तिसरी तबकडी 'राल्फ उंड फ्लोरियान', १९७३ ची. तिच्यात चाल अधिक गोड होते आणि माणसाचा आवाज यंत्रातून गाळून काढण्याचे प्रयोग दिसतात.

ह्या तीन तबकड्या म्हणजे लहान मुलाची गिरवणीची वही. अक्षर वळणदार नाही. पण हात कसा वळत गेला ते पानोपान दिसते.

चौथी तबकडी 'ऑटोबान', १९७४. ऑटोबान म्हणजे जर्मनीतला मोटारींचा हमरस्ता. तबकडीची एक पूर्ण बाजू, २२ मिनिटांहून अधिक वेळ, एकच रचना. मोटारीचे दार लागते, गाडी सुरू होते आणि मग रस्ता लांबच लांब पसरत जातो. शेजारून गाड्या निघून जातात, हॉर्न वाजतो, मध्येच रेडिओ लागतो. सोलापूरहून रात्रीच्या गाडीने पुण्याला गेलेल्या माणसाला हे समजायला जर्मन भाषा लागत नाही. ह्याच रचनेचे सुमारे साडेतीन मिनिटांचे छोटे रूप अमेरिकेच्या रेडिओवर वाजले आणि वीजघराचे नाव जगभर झाले. ह्या सर्व तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणात कोनी प्लांक ह्या कुशल तंत्रज्ञाचा हात होता.

त्याच सुमारास वोल्फगांग फ्ल्युर हे तालवादक त्यांच्याकडे आले. बाजारात हवे तसे वाद्य मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच ठोकून-जोडून केले. धातूच्या लहान लहान चकत्या आणि त्यांवर आपटायला तारांनी जोडलेल्या धातूच्या दोन काड्या. काडी चकतीला टेकली की विजेचे मंडल पुरे होऊन ढोलाचा आवाज निघे. लांबून पाहणाऱ्याला वाटे, हा माणूस लोकर विणायच्या सुया घेऊन उभा आहे. मागाचा सुटा भाग मिळाला नाही तर तो घडवून घेणारा आपला फिटर आणि हा फ्ल्युर, दोघांची जात एकच.

पुढची तबकडी १९७५ ची, 'रेडिओ-ॲक्टिव्हिटी'. आपण रेडिओची माणसे. आपल्याला ती जवळची. मुखपृष्ठावर जुना जर्मन रेडिओ संच आहे. तो साधासुधा संच नव्हे. स्वस्तातले हे संच हिटलरच्या राजवटीने घरोघर पोचवले ते आपला प्रचार लोकांच्या कानांत ओतण्यासाठी. नावातही श्लेष आहे: एक अर्थ रेडिओवरची हालचाल, दुसरा अर्थ किरणोत्सर्ग. दोन्ही हवेतून येतात, दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. त्यात तारेच्या कडकट्टासारखे मोर्सचे ठोके आहेत आणि किरण मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक आहे. १९७५ साली ह्या गाण्याचा सूर तटस्थ होता. पुढे १९८६ साली चेर्नोबिलचा अपघात झाला. १९९१ साली त्यांनी हे गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले, तेव्हा चेर्नोबिल आणि हिरोशिमा ही नावे त्यात घातली आणि 'थांबवा' असे स्पष्ट म्हटले. फुकुशिमाच्या अपघातानंतर, २०१२ साली, जपानमध्ये त्यांनी तेच गाणे जपानी शब्दांत फुकुशिमाच्या नावासह म्हटले. यंत्राविषयी गाणारा माणूस यंत्राचा भाट असतोच असे नाही, हे ह्यावरून दिसेल.

१९७७ ची तबकडी 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस'. रूळांच्या सांध्यांवरून चाके जातात तो ठेका, आणि त्याला जोडूनच लोखंडावर लोखंड आपटल्याची रचना. १९७८ ची 'द मॅन-मशीन', म्हणजे मनुष्य-यंत्र. चौघे लाल सदरे आणि काळे टाय घालून यंत्रमानवासारखे उभे. 'रोबो' हा शब्द मूळचा चेक भाषेतला. 'रोबोटा' म्हणजे वेठबिगार, सक्तीची मजुरी. कारेल चापेक ह्या लेखकाने १९२० साली आपल्या नाटकात तो वापरला आणि मग जगाने उचलला. म्हणजे ज्याला आपण यंत्रमानव म्हणतो, त्याच्या नावातच राबणाऱ्या माणसाची सावली आहे. १९८१ साली आली 'कॉम्प्युटर वर्ल्ड', संगणकाचे जग. त्यात खिशातल्या आकडेमोडीच्या यंत्रावर एक गाणे आहे. ते कार्यक्रमात वाजवताना कलावंत लहानसे यंत्र प्रेक्षकांपुढे धरीत आणि प्रेक्षक त्याची बटणे दाबीत. गंमत पाहा, संगणकाच्या जगाची ही तबकडी संगणकावर केलेली नव्हती. सगळी खटपट हाताने फिरवायच्या खुंट्यांवर आणि बटणांवर झाली होती.

इथपर्यंतची गोष्ट यशाची झाली. आता दुसरी बाजू ऐका.

१९८० नंतर यंत्रे इतकी हुशार झाली, की ठेका एकदा बसवून दिला की वाजवणाऱ्याची गरज उरली नाही. १९८६ साली 'इलेक्ट्रिक कॅफे' ही तबकडी निघाली. पण धातूच्या काड्या हाती घेऊन ताल देणारे फ्ल्युर ह्यांना स्टुडिओत फारसे काम उरले नव्हते. ते बाहेर पडले. काही वर्षांत दुसरे तालवादक कार्ल बार्टोस हेही गेले. स्वतः घडवलेल्या वाद्याने ज्याचे नाव झाले, त्याच्याच हातातले काम वाद्याच्या पुढच्या पिढीने काढून घेतले! सोलापूरच्या माणसाला ही कथा नवी नाही. हातमागाच्या पुढे यंत्रमाग आला, धोट्याच्या मागापुढे धोट्याशिवायचा माग आला, आणि दर खेपेला कोणाच्या तरी घरातला माणूस दारात बसून राहिला.

मुंबईच्या चित्रपट-संगीतातही हेच झाले. एका गाण्याला साठ-सत्तर वादक बसत. १९८० च्या दशकापासून सिंथेसायझर आणि ठेक्याची यंत्रे आली. व्हायोलिन, ढोलकी, तबला वाजवणाऱ्यांचे काम कमी होत गेले. ह्याला यंत्र जबाबदार म्हणावे काय? यंत्राने कोणाला कामावरून काढले नाही. काढणारा माणूसच होता, हिशोब करणारा माणूसच होता. म्हणून यंत्रावर राग काढून भागत नाही. हिशोब मागायचा तो माणसाकडे.

त्याच मुंबईत एका वादकाने मात्र यंत्र जवळ केले आणि त्यातून आपले काही काढले. त्यांचे नाव चरणजित सिंग. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांकडे ते वाजवीत. चित्रपटगीतांच्या धुना वाद्यांवर वाजवून त्यांनी तबकड्याही काढल्या होत्या. १९८२ साली त्यांनी तीन रोलंड यंत्रे जोडली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचे यंत्र आणि खर्जाच्या सुरांसाठी टीबी-३०३. आणि त्यांवर वाजवले काय? भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग! ठेका नाचाचा, सूर रागाचे. त्या खर्जाच्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. ती ऐकताना आपल्या मींडेची आठवण होते. ती सोय तिथे ऐकू यावी हे रागाच्या जाणकारालाच सुचणार.

तबकडी चालली नाही. लोक विसरले. पुढे १९८७ साली शिकागोमधल्या तरुणांची एक तबकडी निघाली. तिच्यात त्याच टीबी-३०३ यंत्राचा आवाज होता, आणि तिथून नाचाच्या संगीताचा एक नवाच प्रकार जगभर पसरला. आणखी बऱ्याच वर्षांनी, २०१० साली, परदेशातल्या एका संग्राहकाने सिंग ह्यांची तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा ऐकणारे थक्क झाले. पाच वर्षे आधी, मुंबईत, एका माणसाने हे करून ठेवले होते! सत्तरी ओलांडलेले सिंग मग युरोपात जाऊन ते राग वाजवून आले. २०१५ साली ते वारले.

अहमदाबादची गोष्टही अशीच. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर ह्यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर बसवला गेला. गीता साराभाई, अतुल देसाई आणि इतर काहींनी त्यावर रचना केल्या. त्यांच्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या, आणि निवडक रचना २०२३ साली प्रथमच लोकांपुढे आल्या. पन्नास वर्षे त्या कोणी फेकून दिल्या नाहीत म्हणून आज ऐकायला मिळतात.

आणि क्राफ्टवेर्कचे काय? त्यांनी उलटेच केले. २००९ साली त्यांनी आपल्या आठ तबकड्यांचा संच काढला आणि त्याला 'कॅटलॉग', म्हणजे सूची, असे नाव दिले. ती सूची सुरू होते 'ऑटोबान'पासून आणि संपते २००३ च्या 'टूर द फ्रान्स' ह्या सायकल-शर्यतीवरच्या तबकडीपाशी. २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांनी आठ रात्री आठ तबकड्या वाजवल्या. त्यातही पहिल्या तीन नाहीत. नारिंगी शंकू नाही, हिरवा शंकू नाही. त्या तिन्हींची अधिकृत नवी आवृत्ती त्यांनी काढलेलीच नाही. जाणकार लोक जुन्या प्रती शोधून ऐकतात. श्नायडर २००८ साली वाद्यवृंदातून निवृत्त झाले आणि २०२० साली वारले. त्यांची सुरुवातीची बासरी ऐकायची तर सूचीबाहेरच्या त्या तीन तबकड्यांकडेच जावे लागते.

कलावंताला आपले कच्चे काम झाकण्याचा अधिकार आहे, हे मी मान्य करतो. पण त्याचा परिणाम काय होतो पाहा. फक्त ती सूची ऐकणाऱ्याला वाटते, हे लोक पहिल्या दिवसापासून असेच सफाईदार होते. यंत्र घेतले, बटण दाबले, झाले. चार वर्षांची चाचपड, निघून गेलेला तालवादक, ऑर्गनच्या साथीची ती साधी पेटी हे सारे अदृश्य होते. हात पुसला जातो आणि यंत्र तेवढे उरते. दुकानातल्या चादरीचेही असेच नाही का? घडी मोडून आपण मोर पाहतो. चौकटीच्या कागदावर तो काढणारा, भोके पाडणारा, तुटलेला धागा डोळ्यांत तेल घालून सांधणारा कुठेच दिसत नाही. म्हणूनच पोर म्हणते, 'काही नाही, मशीन चालवतात.'

म्हणून शिक्षक बंधु-भगिनींना माझी विनंती आहे. ह्या तबकड्या आता मोबाइलवरही ऐकता येतात. वर्गात एक तास काढा. आधी 'ऑटोबान'ची पाच मिनिटे ऐकवा आणि मुलांना कोणकोणते आवाज ओळखू आले ते लिहायला सांगा. मग मागे जा, १९७२ चे 'क्लिंगक्लांग' ऐकवा आणि विचारा, इथे माणूस कुठे आहे आणि यंत्र कुठे आहे? मग चरणजित सिंग ह्यांचा भूप किंवा यमन लावा. वर्गात हार्मोनियम असेल तर त्या रागाचे आरोह-अवरोह मुलांकडून म्हणवून घ्या; यंत्रातून तेच सूर येतात हे त्यांच्या कानांनाच कळू द्या.

त्यानंतर मुलांना घरी पाठवा एक काम देऊन. आपल्या घरचा, गल्लीचा, शेताचा एक ठेका ऐकून आणायचा. उसाच्या रसाचे गुऱ्हाळ, पिठाची गिरणी, बागेतला पंप, कडब्याची कुट्टी, कडक भाकरी थापतानाचा हात, आणि अक्कलकोट रोडच्या मुलांसाठी अर्थात माग. त्याच्या सोळा मात्रांची चौकट वहीत आखायची; आवाज आला तिथे टिंब, नाही आला तिथे कोरे. झाले, जकार्डाचे पान तयार! आणि त्या यंत्राजवळ जो काम करतो त्याला एकच प्रश्न विचारून यायचा: 'यंत्र बिघडणार हे तुम्हाला आधी कशावरून कळते?' बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, 'आवाजावरून.' ते उत्तर पोराने वहीत लिहिले, म्हणजे 'काही नाही' हे शब्द खोडले गेले असे समजा. फक्त आवाजावरून बिघाड ओळखणारा कान संगीतकाराच्या कानाहून कमी प्रतीचा नसतो.

आणि हो, त्या कानाची काळजीही घेतली पाहिजे. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. तेवढ्या आवाजात वर्षानुवर्षे पाळ्या केल्या की ऐकू येणे कमी होते, आणि गेलेले ऐकणे परत येत नाही. रेडिओवर बसून गोंगाटातला ठेका वर्णन करणे सोपे आहे; त्याची किंमत मोजतो तो कामगार. कानात घालायचे साधे बूच मिळते, ते मालकाने द्यावे आणि कामगाराने लाजू नये. मुलांना माग दाखवायला न्याल तेव्हाही पाच मिनिटांत बाहेर आणा.

अक्कलकोट रोडवरचे धोट्याचे माग हळूहळू कमी होत आहेत. नवे येतील, त्यांचा आवाज निराळा असेल. त्याआधी कोणा शिक्षकाने, कोणा मुलाने हा ठेका मोबाइलवर टिपून ठेवला, सोबत चालवणाऱ्याचे दोन शब्द टिपून ठेवले, तर पुढेमागे ते कोणाला ना कोणाला उपयोगी पडेल. अहमदाबादच्या फिती पन्नास वर्षे वाट पाहत होत्या. आपली वही आपणच पुसली नाही, म्हणजे पुरे.

आता रस्त्याने जाताना शेडमधून आवाज आला, तर खिडकी लावून घेऊ नका. थोडे थांबा. सम कुठे येते पाहा.